मानपत्रातली सातवी ओळ

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मोटार क्लबचे प्रमुख माननीय हरजांतोसाहेब. व्यासपीठाची शोभा वाढवणारे आपल्या गावचे मुखिया सुगेंगसाहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे रविवारची झोप मोडून जमलो, ते सत्कारमूर्ती कार्सोनोकाका. ज्यांच्यावाचून कार्सोनोकाकांना स्वतःच्या कपाळावरचा चष्मासुद्धा सापडत नाही, त्या सितुनकाकू. पुरबालिंगाच्या सायलेन्सर गल्लीतले माझे कारागीर बंधू आणि त्यांच्या घरची मंडळी. जावाभरातून, लांबलांबून गाड्या हाणत आलेले शर्यतवाले. आणि मंडपाच्या मागच्या अंगाला मेंदोआनची गरम भजी तळत उभ्या असलेल्या, त्या वासानेच वक्त्यांना आटोपतं घ्यायला लावणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना तुरियाहचा मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. संयोजकांनी काल बजावून सांगितलं, ‘ताई, कार्सोनोकाकांच्या कामाच्या पद्धतीवर बोला, नव्या मुलांना उपयोग होईल. आणि कृपा करून कुणाची उणीदुणी काढू नका.’ मी बरं म्हणाले. घरी बसून चार पानं लिहूनही काढली. माझ्या नवऱ्याने, दालिमानने, ती वाचली आणि म्हणाला, ‘हे तू लिहिलंस? यात एकही टोमणा नाही.’ म्हणजे भाषण चांगलं झालं होतं.

ती चार पानं ही बघा, घडी घालून पर्समध्ये ठेवते आहे. कारण आत्ता अर्ध्या तासापूर्वी आपण मानपत्राचं वाचन ऐकलं. सुंदर मानपत्र आहे, काचेत मढवलं आहे, अक्षरही देखणं आहे. त्याची सातवी ओळ मात्र अशी आहे: ‘चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या हातून एकदाच चूक घडली, आणि तीही त्यांनी सर्वांसमक्ष मोठ्या मनाने कबूल केली.’ वाचन झाल्यावर अध्यक्षसाहेब कौतुकानेच म्हणाले, ‘कबूल कसली केली, माझी गाडीच करवतली!’ सगळा मंडप हसला. काकाही हसले. मला तेवढं हसू आलं नाही.

मंडळी, ती चूक कार्सोनोकाकांची नाही. ती सातवी ओळ खोटी आहे, आणि ती खोडल्याशिवाय मी या माइकसमोरून हलणार नाही. अध्यक्षांनी घड्याळ बघू नये. आपण बन्यूमासची माणसं, पोटात एक आणि ओठांवर एक आपल्याला जमत नाही असं आपण जगाला सांगत फिरतो ना? मग मला एकतीस वर्षं ते कसं जमलं, ते आज तुम्हाला सांगते.

नव्या मुलांसाठी थोडं मागून सुरू करते. गोष्ट त्र्याण्णव सालची. तेव्हा आपल्या गल्लीत फक्त सायलेन्सर व्हायचे. कार्सोनोकाकांचं वय चाळीस, आणि पाइप वाकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांची रीत आपल्या सगळ्यांची होती, पण हात त्यांचा होता. पाइपात कोरडी रेती ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बूच ठोकायचे, कोळशावर लाल होईतो तापवायचं आणि नजरेच्या मापाने अलगद वाकवायचं. आत रेती असल्याने पाइप चेपत नाही, सुरकुती पडत नाही. लोक म्हणायचे, कार्सोनो पाइपाची गाठसुद्धा मारील. सितुनकाकू म्हणायच्या, ‘गाठी मारायला नको, घरातला नळ दुरुस्त केला तरी पुरे.’

काकू मान हलवताहेत. तो नळ अजून गळतो आहे, हे मी परवाच पाहिलं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची, गल्लीच्या तोंडाशी कपडे शिवायची. नवरीची अंगालगत पोलकी, आपल्या केबाया, शिवण्यात माझं नाव होतं. नवरा दालिमान, तो बघा तिसऱ्या रांगेत, टक्कल चमकतंय, तो हरजांतोसाहेबांच्या शर्यतीच्या गाडीत नकाशा वाचायला बसायचा. पुढे वळण डावं की उजवं ते ओरडून सांगायचं, एवढंच त्याचं काम. घरात मात्र तो कधी आवाज चढवत नाही. तेवढी हिंमत त्याची नाही.

त्या वर्षी हरजांतोसाहेबांना अजिंक्यपद दिसू लागलं होतं. एकच शर्यत उरलेली, सागाच्या रानातली. त्या शर्यतीला नियम आला की गाडीत पोलादी पिंजरा हवाच. गाडी उलटली तर टप चेपून आतली माणसं चिरडू नयेत म्हणून सीटच्या मागून एक अखंड कमान, तिच्यापासून पुढच्या काचेच्या कडेने खाली उतरणारे दोन पाइप, दारांत आडवे, पाठीमागे तिरके. आज आपल्या गल्लीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. तेव्हा अख्ख्या गल्लीत कोणी पिंजरा बनवला नव्हता. साहेब काकांकडे आले आणि म्हणाले, ‘तुम्ही पाइपाचे राजे. तीन आठवडे आहेत.’

काकांनी काम घेतलं, आणि पहिलीच अडचण आली ती मापांची. सायलेन्सरला माप लागत नाही, गाडीखाली झोपायचं नि नजरेने लावायचं. पिंजऱ्याचं तसं नाही, त्यात माणूस बसतो. काका दोन दिवस गाडीत शिरून बाहेर येत होते. तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आले आणि विचारलं, ‘तुरी, अंगालगत कपडा बेतायचा तर तू काय करतेस?’

मी म्हणाले, ‘अंग मोजते. कपडा नंतर.’

‘चल मग.’

असा माझा या धंद्यात प्रवेश झाला. मी कागद, कात्री आणि फीत घेऊन गाडीत बसले. जाड तार वाकवून टपाच्या आतल्या गोलाईचा नमुना घेतला. एका पाइपाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीवर बसवायचं तर त्याला माशाने आ केल्यासारखा काप द्यावा लागतो. काका तो घासून घासून जुळवत होते. मी वर्तमानपत्राचा कागद पाइपाभोवती गुंडाळला, बाहीचा मुंढा कापतो तसा कापला आणि म्हटलं, या रेघेवर कापा. पहिल्याच फटक्यात बसलं. काकांनी त्या सांध्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, ‘गल्लीत कुणाला सांगू नकोस, बाईकडून शिकलो म्हणून.’ आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच सगळ्या गल्लीला सांगून आले.

मापाच्या जागी खूण म्हणून मी पंचाने तीन बारीक ठिपके ठोकायची, एका ओळीत. शिवणकामातली सवय. कापड जिथे मुडपायचं तिथे मी तीन टाके घालायची. आज आपण पिंजऱ्याच्या पाइपावर पंच ठोकत नाही, पेनने खूण करतो, कारण तेवढ्या खड्ड्यानेही पाइप दुखावतो. तेव्हा कुणाला माहीत होतं? तीन ठिपके म्हणजे तुरियाहचं माप, हे गल्लीत पाठ झालं होतं. हे ठिपके लक्षात ठेवा.

आता खरी गोष्ट. काकांनी पिंजऱ्यासाठी उसनं यंत्र आणलं होतं, हाताने फिरवायचं. पाइप थंडच घालायचा, डायभोवती, म्हणजे गोल साच्याभोवती, तो हळूहळू वळतो. त्या यंत्राला एकच डाय, मोठ्या गोलाईचा. कमान वाकवून गाडीत उभी केली, दालिमानला हेल्मेट घालून बसवलं. आमचं ध्यान उंचीला जास्तच. कमानीचा डावा खांदा मोठ्या गोलाईमुळे आत आलेला आणि हेल्मेट त्याला टेकलेलं! टपाच्या कोपऱ्यात वर तीन बोटं जागा मोकळी पडलेली आणि खाली माझ्या नवऱ्याचं डोकं लोखंडाला लागलेलं.

मी म्हटलं, ‘काका, हे चालणार नाही. कोपरा वर चढवा. टपाला चिकटून.’

‘यंत्राला एवढी लहान गोलाई जमत नाही.’

‘मग रेती भरा आणि तापवा.’

काका म्हणाले, आणि हे त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, ‘सायलेन्सरमधून धूर जातो तुरी, यात माणूस बसणार. आगीचा पाइप कसा वागेल ते मला ठाऊक नाही. डाय दुसरा करवून घेतो, पंधरा दिवस लागतील.’

पंधरा दिवसांनी शर्यत होऊन गेली असती. पण मला शर्यतीचं काही नव्हतं हो. मला तेवढं हेल्मेट दिसत होतं. गाडी नुसती खड्ड्यात आदळली तरी डोकं लोखंडावर आपटणार, एवढंच माझ्या डोक्यात. मी सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले, ‘अख्खी गल्ली म्हणते तुम्ही पाइपाची गाठ माराल. लोकांच्या मोटारसायकलींसाठी हात चालतात, आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यासाठी दुखायला लागले होय?’

मंडळी, ज्याच्या हाताचं सगळीकडे कौतुक आहे अशा माणसाला तुम्ही चारचौघांत असं बोलून बघा. काकांनी बाह्या सरसावल्या. माझे तीन ठिपके घेतले, रेती चाळली, कोळसा पेटवला. अखंड नवा पाइप घेऊन दोन तासांत कमान वाकवली. काय कमान होती ती! टपाला अशी चिकटली की मधून पोस्टकार्ड जाऊ नये. दालिमानच्या हेल्मेटवर तीन बोटं जागा. रंग लावला, तपासनीसांनी फीत लावली, सांधे पाहिले, शाबासकी दिली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात कुणी वाजवल्या, ते सांगायला नको.

शर्यत रविवारी. शनिवारी दुपारी काका एका ट्रकचा गंजलेला नट खोलत होते. नट हलेना. अशा वेळी आपण काय करतो? पान्याच्या दांड्यावर पाइप चढवतो आणि लांबून जोर लावतो. काकांनी जवळ पडलेला तुकडा उचलला. कमान वाकवायच्या आधी त्यांनी त्याच पाइपाचा एक तुकडा तापवून पाहिला होता, तो. जोर लावला, आणि तो पाइप तापवलेल्या जागी सरळ दुमडला. नट जागचा हलला नाही. काकांनी दुसरा तुकडा घेतला, त्याच पाइपाचा, पण आगीत न गेलेला. नट सुटला.

हे मला सितुनकाकूंनी नंतर सांगितलं. म्हणाल्या, ‘हातात दोन तुकडे घेऊन तासभर अंगणात बसले होते. जेवायला हाक मारली तर ऐकूही आली नाही.’ आगीने पाइपाचा ताठा गेला होता. धूर वाहायला तो चालला असता. उलटलेली गाडी पेलायला चालला नसता. सायलेन्सर गल्लीत जन्म काढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? आपल्यासाठी पाइप म्हणजे तापवायची वस्तू.

रविवारी सकाळी मी रानात होते, नवऱ्याचा डबा घेऊन. गाड्या ओळीने उभ्या होत्या, साहेबांची अकरावी. तेवढ्यात धुळीतून काकांची मोटारसायकल आली. चार तास चालवून आले होते, डोळे लाल, खांद्याला पिशवी. ते सरळ साहेबांकडे गेले.

‘साहेब, गाडी सोडू नका. कमान कच्ची आहे.’

साहेब म्हणाले, ‘तपासनीसांनी पास केली.’

‘त्यांनी गोलाई पाहिली. आग पाहिली नाही.’

‘काका, आज पहिला आलो की अजिंक्यपद माझं. तुम्हाला आता धडधडायला लागलं म्हणून मी घरी जाऊ?’

दालिमानही म्हणाला, ‘काका, डाव्या बाजूला सावली आहे, बसा. डबा आणलाय हिने, खा.’ माझ्या नवऱ्याला कुठल्याही प्रश्नावर जेवण सुचतं.

काकांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाले, ‘बरं. एक सांधा तेवढा बघून घेऊ द्या.’ साहेबांनी दार उघडून दिलं. काका आत शिरले, दोन्ही दारं आतून लावली, काचा वर केल्या आणि पिशवीतून हॅक्सॉ काढला.

साहेब, तुम्ही हसताय आता. त्या दिवशी तुम्ही काचेवर असे दणके घालत होतात की मला वाटलं गाडीच उलटते. तोंडाने जे काही बोलत होतात, ते या माइकवरून सांगता येण्याजोगं नाही. आत काका शांतपणे करवतत होते, घाम पुसायलाही थांबत नव्हते. एक काप इकडून, एक काप तिकडून. दहावी गाडी सुटली. निशाणवाल्याने अकराव्या गाडीकडे पाहिलं. मग बारावीला पुढे घेतलं.

काका कमानीचा डावा खांदा हातात घेऊन बाहेर आले. साहेब म्हणाले, ‘उद्यापासून स्टोव्हच्या नळ्या वाकवा. तेवढीच तुमची लायकी!’ आणि सगळ्यांदेखत विचारलं, ‘हे असं वाकवायला तुम्हाला सांगितलं कुणी?’

मंडळी, मी तिथे होते. चार हातांवर. हातात डबा घेऊन.

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘कुणी नाही. माझ्या हाताची चूक.’ तो तुकडा पिशवीत टाकला, मोटारसायकलला किक मारली आणि गेले.

मी तोंड उघडलं नाही. का, म्हणून विचाराल? त्या क्षणी भीती वाटली, दालिमान काय म्हणेल. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. महिना झाल्यावर वाटलं, आता काय सांगायचं. आणि मग वर्षं गेली. गल्लीने त्यांचं नाव ‘हॅक्सॉकाका’ पाडलं. पिंजऱ्याला कोणी त्यांच्याकडे फिरकेना. सायलेन्सरची गिऱ्हाइकंही कुजबुजायची, ‘हात गेला वाटतं.’ चार वर्षं त्या माणसाने ते ऐकलं. त्या चार वर्षांत मी रोज त्यांच्या दारावरून गेले, आणि रोज त्यांनी विचारलं, ‘काय तुरी, जेवलीस का?’

पण काका काही रडत बसले नाहीत. ट्रकच्या जुन्या आसापासून त्यांनी स्वतः डाय कातून घेतला, लहान गोलाईचा, पण थंड पाइपाला सोसेल एवढाच लहान. शंभरावर पाइप वाया घालवले. नव्वद अंश हवे असतील तर त्र्याण्णवपर्यंत न्यावं लागतं, सोडल्यावर पाइप तेवढा मागे येतो, हे त्यांनी स्वतः शोधलं. त्या रविवारनंतर तीन आठवड्यांनी ते माझ्या दुकानात आले. मला वाटलं, आला तो दिवस, आता बोलणार. ते म्हणाले, ‘गिऱ्हाईक येवो न येवो, उद्यापासून मापं घ्यायला ये.’

मी म्हणाले, ‘मी? अजून?’

‘एक विचारतो. दालिमानच्या सीटखाली किती जागा होती, मोजलीस?’

मोजली नव्हती. दोघं गेलो, साहेबांची गाडी अजून क्लबच्या आवारात धूळ खात उभी होती. सीटखाली चार बोटं जागा! रुळावरची सीट खाली घेतली असती तर मोठ्या गोलाईची ती पहिली, थंड कमानच नीट बसली असती. काका म्हणाले, ‘आपण दोघंही वरच बघत राहिलो.’ दोघंही म्हणाले, लक्षात घ्या.

नव्या मुलांनो, संयोजकांनी पद्धतीवर बोलायला सांगितलं होतं, ती ही घ्या. आधी माणूस बसवा. मग हेल्मेट. मग सीट जेवढी खाली जाईल तेवढी न्या. आणि मगच कमानीचं माप. कमान वाकवली की सपाट फरशीवर आडवी ठेवा, एक पाय जरी उचलला गेला तरी ती पिळली आहे, भंगारात टाका, जीव तुटला तरी टाका. टपाजवळचा सांधा वरून दिसत नाही म्हणून अर्धाच वेल्डिंग करून सोडू नका. गाडीच्या तळाला भोकं पाडा, अख्खा पिंजरा त्यातून खाली सोडा, वरून गोल वेल्डिंग करा, पुन्हा उचला आणि पायांखाली जाड पत्रे बसवा. ही युक्ती काकांची. सितुनकाकूंची उंच कपाटं दारातून जाईनात म्हणून उंबऱ्याखालची जमीन खणली, तेव्हा काकांना ती सुचली. आणि पिंजऱ्याच्या पाइपाजवळ कोळसा दिसला तर काका अजूनही पायातली चप्पल उगारतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. चार वर्षांनी हरजांतोसाहेब परत आले. साहेब, याचं श्रेय तुम्हाला द्यायलाच हवं. शिव्या घातलेल्या दारात परत यायला छाती लागते. काकांनी थंड पाइपाचा पिंजरा केला, मापं माझी, ठिपके पेनाचे. त्याच रानात, पुढच्याच वर्षी, गाडी घसरली आणि तीन कोलांट्या खाऊन ओढ्यात पडली. मी धावत पोचले तेव्हा टपाचा चुराडा झाला होता आणि पिंजरा जसाच्या तसा उभा होता. आतून दालिमान उलटा लोंबकळत म्हणाला, ‘तुरी, डबा सांडला काय?’ मी तिथेच त्या चिखलात बसले आणि ओक्साबोक्शी रडले. त्याला वाटलं डब्यासाठी.

त्या दिवशी मला पुरतं कळलं की पाच वर्षांपूर्वी काकांनी काय करवतलं होतं. तरीही मी बोलले नाही. पुढे माझंही नाव झालं. मापं घ्यावी तर तुरियाहने, असं सुरबायापर्यंत लोक म्हणू लागले.

आणि मग काका आता काम थांबवणार म्हणून गेल्या मंगळवारी त्यांचं वर्कशॉप आवरायला घेतलं. सगळ्यांत वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे, जुन्या लुंगीच्या फडक्यात काहीतरी जड गुंडाळलेलं सापडलं. ते मी आज बरोबर आणलं आहे. हे बघा. मागच्यांना दिसतं का? हा कमानीचा डावा खांदा. दोन्हीकडे हॅक्सॉचे काप. आणि इथे, रंगाचा पोपडा निघाला आहे तिथे, ओळीत तीन ठिपके.

एकतीस वर्षं मी समजत होते की त्यांनी तो तुकडा रस्त्यात कुठेतरी फेकला. मी फडकं तसंच हातात घेऊन त्यांच्यासमोर गेले. विचारलं, ‘काका, हे काय?’

चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, ‘भंगारात टाक. भंगारवाला आज येणारच आहे.’

‘ठिपके माझे आहेत.’

‘मग?’

‘एक काप दिला असता तरी गाडी थांबली असती. अख्खा तुकडाच का कापून आणलात? इतकी वर्षं लपवलात का? त्या दिवशी नाव का नाही घेतलंत माझं?’

काका खुर्चीत बसले. सितुनकाकू दारात उभ्या होत्या, त्यांनाही हे नवीन होतं. काका म्हणाले, ‘तुझं नाव निघालं असतं तर या गल्लीत बाईचं माप पुन्हा कुणी धरलं असतं का? मी काय, मी सायलेन्सर वाकवून खाल्लं असतं. तू गेली असतीस परत केबाया शिवायला. आणि वाकवलं तर मीच होतं ना? नाही म्हणता आलं असतं मला.’ मग म्हणाले, ‘जेवलीस का?’

मंडळी, या माणसाचे आभार मी कुठल्या शब्दांत मानू? त्यांनी माझा नवरा वाचवला, त्याबद्दल मानायचे की माझा हात वाचवला, त्याबद्दल? आज आपल्या गल्लीत पिंजऱ्यांची सात वर्कशॉप आहेत, आणि त्यातल्या चारांमध्ये मापं बायका घेतात. ती पहिली रांग बघा, सगळ्या बसल्या आहेत. पोरींनो, तुमच्यातल्या प्रत्येकीची नोकरी या लुंगीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

काय काका? मंडळी, काका तिथून म्हणताहेत, ‘तुरी, बस आता खाली.’

एकतीस वर्षं बसलेच होते की, काका. आज उभी राहू द्या.

दालिमान, तुलाही हे आजच कळतं आहे. घरी जाऊन बोल काय बोलायचं ते. नाही, मान हलवू नकोस, बोलच. माझ्या टोमण्यापायी तू त्या दिवशी मेला असतास. तीन बोटांसाठी. मी तुला वाचवायला निघाले होते आणि मारायची सगळी तयारी करून बसले होते, आणि ज्यांनी ती मोडली त्यांना तू एकतीस वर्षं चिडवतो आहेस.

अध्यक्षमहाराज, आता तुम्हाला विनंती. तुमच्या खिशाला पेन आहे. मानपत्राची काच काढायला पाना लागणार नाही, चार खिळे आहेत फक्त, ते इथले कारागीर काढून देतील. सातवी ओळ खोडा आणि वर लिहा, ‘चूक तुरियाहची. हॅक्सॉ कार्सोनोंचा.’ अक्षर वाकडं आलं तरी चालेल, या मंडपात वाकड्या गोष्टींचं कुणाला वावडं नाही.

धन्यवाद साहेब. लिहिताय तोवर मी आभार मानून घेते.

संयोजकांचे आभार, त्यांनी पाच मिनिटं दिली आणि पंचवीस सोसली. मुखियासाहेबांचे, ते जांभई दाबून बसले. सितुनकाकूंचे, चाळीस वर्षं आम्हा सगळ्यांना भात वाढल्याबद्दल. मागे तळणाऱ्या बायांचे, मिरच्या संपल्या नसतील तर. आणि काका, तुमचे. उद्यापासून वर्कशॉपचं कुलूप मी उघडणार, यंत्रावर तुमचा डाय असेल आणि नजर वर जाण्याआधी मी सीटखाली हात घालून बघेन, एवढा शब्द देते.

बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, मानाच्या माणसांचा उल्लेख मागेपुढे झाला असेल, तर सभेने उदार मनाने ते पोटात घालावं.

काका, तुम्ही नको. तुम्ही पुष्कळ वर्षं पोटात घातलंत. हा तुकडा तुमच्यासमोर ठेवते आहे. तो हातात घ्या, आणि सगळ्यांदेखत माझी चूक माझी मला परत द्या.